वाऱ्यावर डोलणारं मोठं शिल्प कसं उभारायचं: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

वाऱ्यावर हलणारं शिल्प करायचं म्हटलं की माणूस आधी पात्यांचे आकार काढायला बसतो. काढा, त्यात मजा आहे. फक्त त्या कागदाच्या कोपऱ्यात दोन आकडे लिहून ठेवा. सेकंदाला २ मीटर वेगाची झुळूक, म्हणजे पानं जेमतेम सळसळतील एवढा वारा, एका चौरस मीटरवर साधारण २५० ग्रॅम वजनाइतका दाब देते. सेकंदाला ४० मीटरचं, म्हणजे ताशी १४४ किलोमीटरचं वादळ त्याच चौरस मीटरवर १०० किलोचा दाब देतं. वेग वीसपट, दाब चारशेपट. तुमचं शिल्प पहिल्या वाऱ्यात हललं पाहिजे आणि दुसऱ्यात मोडता कामा नये. बेअरिंग, पात्याचं वजन, खांबाची जाडी, पायाचा खड्डा, सगळे निर्णय या दोन टोकांच्या ओढाताणीतच होतात.

ज्यांनी ग्राइंडर-ड्रिल हाताळलंय, ज्यांना थोडंफार वेल्डिंग येतं किंवा येणारा कुणी जोडीला आहे, पण ज्यांनी पाच-सात मीटर उंचीचं काही उभं केलेलं नाही, अशांसाठी हे लिहितोय. उदाहरण म्हणून एकच रचना शेवटपर्यंत धरतो: ५ मीटरचा खांब, त्याच्या माथ्यावर आडव्या शाफ्टवर डोलणारी दोन लांब पाती, प्रत्येकी शाफ्टच्या वर २.२ मीटर, आणि प्रत्येक पात्याच्या खालच्या टोकाला, शाफ्टच्या खाली, तोलाचं वजन. अमेरिकन शिल्पकार जॉर्ज रिकी (१९०७–२००२) यांनी याच तत्त्वावर, मोटर न लावता, स्टेनलेस स्टीलची लांब पाती नुसत्या वाऱ्यावर हलवली. नवख्यासाठी याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

१. डोलणारं की गरगर फिरणारं, हे आधी ठरवा

फिरणारी चक्रं दिसायला भारी असतात, पण पहिल्या शिल्पाला ती नकोत. कारण हिशेबातच दिसतं. १ किलोचा तुकडा अक्षापासून १ मीटरवर मिनिटाला ६० फेरे घेत असेल, तर तो बाहेर निसटायला सुमारे ४ किलोची ओढ देतो. १२० फेऱ्यांना १६ किलो. वादळात ३०० फेरे झाले तर १०० किलो. फिरणाऱ्या चाकाला वारा वाढला की थांबायचं कारणच नसतं.

डोलणारं पातं उलट वागतं. वारा वाढला की ते मागे झुकतं, आडवं होत जातं आणि वाऱ्यासमोरचं त्याचं क्षेत्र आपोआप कमी होतं. हा फायदा फुकटात मिळतो.

तरीही फिरणारंच करायचं असेल, तर चुंबकाचा ब्रेक लावा: शाफ्टवर अ‍ॅल्युमिनियमची चकती आणि तिच्या दोन्ही बाजूंना, न टेकता, ताकदवान चुंबक. चकती जितकी जोरात फिरेल तितका अडसर वाढतो, थांबलेली असताना अडसर शून्य. म्हणजे झुळकेलाही ते सुटतं आणि वादळात आवरलं जातं. घासणारा ब्रेक मात्र झुळूकच मारून टाकतो.

स्विस शिल्पकार ज्याँ टिंगेली यांनी १९६० साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत स्वतःच मोडून पडणारं यंत्रशिल्प उभं केलं होतं. त्यांनी ते ठरवून केलं होतं, एवढाच फरक लक्षात ठेवा.

२. जागा आणि वारा

घराच्या किंवा भिंतीच्या मागे वारा नसतो, वाऱ्याचा गोंधळ असतो. इमारतीच्या उंचीच्या दुप्पट उंचीपर्यंत आणि वाऱ्याच्या दिशेनं तिच्या उंचीच्या दहा ते वीसपट अंतरापर्यंत हवा घुसळलेली राहते. एवढी मोकळी जागा बहुतेकांकडे नसते. हरकत नाही, पण कुठला वारा मिळणार आहे ते आधी बघा. उंच बांबूला वेगवेगळ्या उंचीवर फिती बांधा आणि काही आठवडे येता-जाता नजर ठेवा. फीत बहुतेक वेळ कुठल्या रेषेत उडते, तीच पात्यांच्या डोलण्याची रेषा. पात्याची रुंद बाजू त्या वाऱ्याला सामोरी हवी. वारा शाफ्टच्या रेषेत आला तर त्याला नुसती पात्याची कड लागते आणि शिल्प ढिम्म उभं राहतं.

वर तारा नाहीत ना आणि खाली केबल, पाणी किंवा मलवाहिनी नाही ना, हेही याच वेळी बघून घ्या. खांब आडवा पडला तर कुठे पडेल, त्या अंतराचं वर्तुळ आखा. त्यात विजेची तार, रस्ता किंवा शेजाऱ्याचं छप्पर येत असेल तर जागा बदला. यात तडजोड करू नका.

३. कागदपत्रं

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून लोक ते शेवटी ठेवतात आणि पाया ओतल्यावर अडकतात. जवळ असू द्या:

- जागामालकाची किंवा सहमालकांची लेखी संमती
- स्थानिक बांधकाम नियमांनुसार उंचीला परवानगी लागते का, याचं लेखी उत्तर
- जमिनीखालच्या वाहिन्यांचा नकाशा
- मापांसकट रेखाचित्र: समोरून, बाजूनं, आणि पाती पूर्ण फिरल्यावर व्यापतात ती जागा
- वारा आणि पायाचा हिशेब, स्ट्रक्चरल इंजिनिअरनं तपासून सही केलेला
- शिल्पापर्यंत लोकांची ये-जा असेल तर विम्याचं पत्र

इंजिनिअरकडे चित्र घेऊन जाऊ नका, हिशेब घेऊन जा. हिशेब पुढे देतो. तुम्ही आकडे मांडून गेलात की तो दुरुस्त करतो. चित्र घेऊन गेलात की तो घाबरून दुप्पट जाड खांब सांगतो.

४. लहान नमुना, आणि त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा

एक दशांश मापाचा पुठ्ठ्याचा आणि तारेचा नमुना करा. पण तो फुंकरीसरशी नाचला म्हणून हुरळून जाऊ नका. माप दहापट केलं की क्षेत्र शंभरपट वाढतं आणि वजन हजारपट. म्हणजे वाऱ्याला लागणाऱ्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे मोठ्या शिल्पात दहापट वजन हलवायचं असतं. झुळकेत ते हलेल का, हे नमुना सांगत नाही. पाती एकमेकांवर किंवा खांबावर आपटतील का, हे मात्र तो बिनचूक सांगतो.

इथे एक सापळा आहे. दोन पाती एकमेकांना काटकोनात ठेवली तर कुठलाही वारा कामी येईल, असं वाटतं. नमुन्यात करून बघा: दोन्ही पाती ज्या प्रतलांत फिरतात ती एकमेकांना छेदतात, आणि कधी ना कधी दोन्ही पाती एकाच वेळी त्या छेदरेषेवर येतात. टक्कर ठरलेली. त्यापेक्षा दोन्ही पाती एका रेषेतल्या शाफ्टवर, खांबाच्या दोन अंगांना ठेवा. प्रतलं समांतर राहतात आणि टक्कर शक्यच नसते.

५. वारा, खांब आणि पाया यांचा हिशेब

सूत्र सोपं आहे. सेकंदाला मीटरमधल्या वेगाचा वर्ग करा, ०.६१३ नं गुणा, दाब न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये येतो. ९.८१ नं भागलं की किलोत. सपाट पात्यासाठी वर १.२ नं गुणा. तुमच्या भागासाठी वाऱ्याचा कुठला वेग धरायचा, हे बांधकामाच्या मानकात दिलेलं असतं. मी इथे ४० धरतो, म्हणजे चौरस मीटरला १२० किलो.

हिशेब करताना बेअरिंग जाम झालं आहे आणि पाती ताठ उभी आहेत, असंच समजायचं. झुकून जातील या भरवशावर पाया काढायचा नाही.

- पाती: २ × २.२ मी. × ०.१२ मी. = ०.५३ चौ.मी., जोर ६३ किलो, मध्य जमिनीपासून ६.१ मीटरवर. पायथ्याशी ३८५ किलो-मीटर (किलोतला जोर गुणिले मीटरमधली उंची, म्हणजे उलटवण्याची ताकद; अंतराचं किलोमीटर नव्हे).
- खांब: ११४ मिमी व्यास × ५ मी. = ०.५७ चौ.मी., जोर ६८ किलो, मध्य २.५ मीटरवर. १७० किलो-मीटर.
- पायाची खोली ०.६ मी. धरून आणखी सुमारे ८०. शाफ्ट, वजनं, नट-बोल्ट असं सगळं मिळून मी ७०० किलो-मीटर धरेन.

आता पाया. काँक्रीटचं वजन घनमीटरला २४०० किलो. ०.८ × ०.८ × ०.६ मीटरचा ठोकळा ९२० किलोचा होतो. तो कडेवर उलटायला ३७० किलो-मीटर पुरतात. बघायला दणकट वाटतो, पण वादळात जाणार. १ × १ × ०.६ चा ७२० वर उलटतो, म्हणजे जेमतेम. १.२ × १.२ × ०.६ चा २०७० किलोचा ठोकळा १२४० पर्यंत तग धरतो. किमान दीडपट सुरक्षितता हवी, ती इथे मिळते. लक्षात घ्या, बाजू ०.८ वरून १.२ केली की तग तिप्पट वाढतो. पैसे खोलीवर घालवण्याआधी रुंदीवर घाला.

खांबाला ११४ मिमी व्यासाचा, ४.५ मिमी जाडीचा पाइप या जोराला चालतो. २ मिमीचा पाइप हातात घेतल्यावर भक्कम वाटतो, म्हणून फसू नका.

६. हत्यारं आणि माल

वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, ड्रिल, टॅप-डाय, गुण्या, ओळंबा, लेव्हल, चेन पुली, टॉर्क पाना. लेथचं काम बाहेरून करून घ्या. माल: खांबाचा पाइप, ४०० × ४०० × २० मिमीची बेस प्लेट, गसेट (खांब आणि प्लेट यांच्या कोपऱ्यात वेल्ड करायचे त्रिकोणी आधार), २५ मिमी शाफ्ट, ६२०५ नंबरची चार बेअरिंगं, २ मिमी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, स्टेनलेसचे बोल्ट, नायलॉक नट, नायलॉनचे वायसर.

नायलॉनचे वायसर विसरू नका. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेस एकमेकांना थेट टेकले आणि मध्ये पाणी गेलं की अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजायला लागतं. समुद्राजवळ असाल तर ३०४ ऐवजी ३१६ ग्रेडचं स्टेनलेस घ्या.

७. बेअरिंग: खरं काम इथे आहे

६२०५ बेअरिंगचा आतला व्यास २५ मिमी, बाहेरचा ५२, जाडी १५. एवढ्याशा वस्तूवर सगळं शिल्प तरतं. प्रत्येक पात्यामागे दोन, आणि दोघांमध्ये किमान १५० मिमी अंतर. जवळजवळ बसवलीत तर बाहेर लोंबणाऱ्या पात्याच्या वजनानं त्यांच्यावर तिरका ताण येतो आणि ती लवकर खडखडतात.

रबर सील घ्यायचं की पत्र्याचं झाकण, या प्रश्नात पुन्हा तेच दोन वारे आहेत. पत्र्याचं झाकण हलकं फिरतं, पण पाणी आत जाऊ देतं. रबर सील पाणी रोखतं, पण शाफ्टला धरून ठेवतं. माझा तोडगा: दोन्ही बाजूंना रबर सील असलेली बेअरिंगं घ्या, आणि हाउसिंगच्या (बेअरिंगं ज्यात बसतात त्या नळीच्या) आतल्या अंगाला येणारं सील बारीक स्क्रूड्रायव्हरनं काढून टाका. बाहेरचं राहू द्या. पाण्याचा रस्ता बंद राहतो, अडसर निम्मा होतो. वर शाफ्टवर टोपीसारखी एक चकती बसवा, म्हणजे पावसाचा मारा थेट सीलवर येत नाही. तपासणी साधी आहे: शाफ्ट बसवल्यावर त्याच्या टोकाला चिंधी बांधा आणि तीवर बोट टेकवा. नुसत्या स्पर्शानं शाफ्ट फिरायला हवा, आणि थांबताना झटका न देता हळूच थांबायला हवा. झटका जाणवला तर आत कचरा आहे किंवा हाउसिंग आवळतंय.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही, म्हणून ठळक सांगतो. एक, हाउसिंगला आतून लेथवर शेवटचा हात सगळं वेल्डिंग झाल्यावरच फिरवायचा. आधी केलात तर वेल्डिंगच्या उष्णतेनं भोक लंबगोल होतं. दोन, बेअरिंग बसवल्यानंतर शिल्पावर कुठेही वेल्डिंग करावं लागलं तर अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी शेजारी लावा. तो दुसऱ्या टोकाला लावलात तर करंट बेअरिंगमधून जातो, गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात, आणि बेअरिंग नवंकोरं असून संपलेलं असतं.

८. पाती

सपाट पत्रा लांबीला फडफडतो. पत्रा घडी घालून लांब, आतून पोकळ, त्रिकोणी छेदाचं आणि टोकाकडे निमुळतं पातं करा. २ मिमी पत्र्यात त्याचं वजन ३ किलोच्या आसपास येतं.

पोकळ पात्याच्या दोन्ही टोकांना पाणी निघायला भोक ठेवा. दोन्ही टोकांना, कारण पातं उलटंही होतं. भोकांवर बारीक जाळी लावा, नाहीतर गांधीलमाशा आत घर करतात. १०० ग्रॅम पाणी टोकाशी साचलं तरी काय होतं ते पुढच्या पायरीत दिसेल.

शिवाय प्रत्येक पात्यातून शाफ्टपर्यंत पोलादी दोरीचा एक सैल वेढा घ्या. बोल्ट तुटला तर पातं लोंबेल, उडणार नाही.

९. तोल

३ किलोच्या पात्याचा भारमध्य शाफ्टच्या वर १.१ मीटरवर, म्हणजे ३.३ किलो-मीटर. खाली ०.४ मीटरवर वजन लावायचं तर अचूक तोलाला ८.२५ किलो लागतं. १०० मिमी व्यासाची १० मिमी जाड लोखंडी चकती सुमारे ६०० ग्रॅमची असते. आट्यांच्या दांड्यावर अशा चकत्या ओवून वर-खाली डबल नटनं आवळा. काही लोक शिसं ओततात. त्याची वाफ आणि भुकटी विषारी असते, आणि इथे जागेची टंचाईही नाही.

अचूक तोल मात्र नको. पातं मग कुठल्याही कोनात थांबतं आणि परत येत नाही. थोडं वजन जास्त हवं. किती, तेवढ्यावर शिल्पाचा स्वभाव ठरतो. १ किलो जास्त ठेवलंत तर एक झोका साधारण ८ सेकंदांचा होतो. ५०० ग्रॅमला ११ सेकंद. २५० ग्रॅमला १६ सेकंद. सोळा सेकंदांचा झोका बघत बसण्यासारखा असतो, पण तेवढ्या नाजूक तोलात १०० ग्रॅमचा पक्षी टोकावर बसला तरी पातं पार खाली झुकतं. (पक्षी उडतो, पातं परत येतं. हा खेळ बघायला मजा येते. पात्यात साचलेलं पाणी मात्र उडून जात नाही.) ५०० ग्रॅमनं सुरुवात करा, नंतर चकतीऐवजी वायसर लावत कमी करत न्या.

काम असं करा. दारं-खिडक्या बंद, पंखे बंद. हाउसिंग उंच घोडीवर पक्कं आवळा. पातं आडवं धरून सोडा, कुठली बाजू खाली जाते बघा, चकत्या घालत जा. आडवं सोडल्यावर स्थिर राहिलं की तोल साधला. मग जास्तीचं वजन घाला आणि पातं उभं येऊ द्या. ओळंब्याशी ताडून बघा. नाजूक तोलात १०० ग्रॅमचा एखादा भाग मध्यरेषेपासून १० सेंटिमीटर बाजूला असला, तरी पातं जवळजवळ ६ अंश कलून उभं राहतं. उपाय म्हणून विरुद्ध कडेला वायसर चिकटवा. आणि हे सगळं रंग दिल्यावर पुन्हा करा, कारण रंगालाही वजन असतं.

१०. गंज आणि रंग

खांब गरम जस्तात बुडवून गॅल्व्हनाइझ करून घ्या, रंगापेक्षा ते टिकतं. पण बंद पाइप तसाच पाठवू नका. दोन्ही टोकांना हवेची भोकं हवीत. आत अडकलेली हवा आणि ओल ४५० अंशांच्या जस्तात स्फोटासारखी फुटते. गॅल्व्हनाइझ केलेल्या भागावर नंतर वेल्डिंग टाळा, जस्ताच्या धुरानं ताप येतो. पात्यांना अ‍ॅल्युमिनियमसाठीचा प्रायमर आणि पातळ रंग पुरे.

११. पाया ओतणं

अँकर बोल्ट (काँक्रीटमध्ये रुतवायचे, बेस प्लेट धरणारे बोल्ट) प्लायवूडच्या साच्यात आवळून, बेस प्लेटच्याच भोकांवरून आखून बसवा. ओतताना बोल्ट सरकतात, साचा नसेल तर प्लेट बसत नाही. आट्यांना ओतण्याआधी टेप गुंडाळा. काँक्रीट २८ दिवसांनी पूर्ण ताकदीला येतं. सात दिवसांत ते कडक दिसतं, तेवढ्यावर खांब चढवू नका. प्लेटखाली लेव्हलचे नट ठेवा, खांब ओळंब्यात आला की उरलेली फट ग्राउटनं (सिमेंटच्या पातळ मिश्रणानं) भरा. खांबाला अर्थिंगही करा, उघड्यावरचा उंच लोखंडी खांब वीज ओढतो.

१२. उभारणी

सगळं मिळून सव्वाशे किलोच्या आसपास वजन होतं. बेस प्लेटला एका बाजूनं बिजागरी करून घ्या. ती आत्ता लागते आणि पुढे प्रत्येक दुरुस्तीला लागते. खांब आडवा असतानाच पाती बसवा आणि खांबाशी घट्ट बांधा. उभं करताना चेन पुलीवर सर्वांत जास्त ओढ अगदी सुरुवातीला असते, खांब जमिनीपासून नुकता उचलला जाताना. पुली त्या ओढीच्या हिशेबानं घ्या, आणि तिचा दोर उंच आधारावरून न्या. जमिनीलगत ओढलात तर खांब उचलण्याऐवजी नुसता खेचला जातो. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना करा. विरुद्ध बाजूनं एक दोर कुणीतरी धरून ठेवायचा, कारण उभा होता होता खांब पलीकडे कलंडू शकतो. खांबाच्या लांबीच्या वर्तुळात काम करणाऱ्यांशिवाय कुणी नको. पात्यांची बांधणी खालून दोरी ओढून सुटेल अशा खिट्टीनं करा, म्हणजे वर चढावं लागत नाही.

पातं पूर्ण उलटलं तर टोक २.८ मीटरपर्यंत खाली येतं. माणसाचा हात पोचत नाही, पण खांद्यावर बसलेल्या मुलाचा पोचतो. म्हणून खांबाभोवती झुडपं लावा किंवा कठडा करा.

१३. पहिले दिवस आणि नंतर

पहिल्या जोराच्या वाऱ्यानंतर सगळे नट पुन्हा आवळा. आवळल्यावर नट आणि प्लेट यांवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय, हे खालून दुर्बिणीनंही कळतं. वेल्डच्या कडा दर काही महिन्यांनी बघा. भेग तिथूनच सुरू होते आणि आधी गंजाच्या बारीक रेषेसारखी दिसते. प्रेशरनं पाणी मारून शिल्प धुऊ नका, सीलमधून पाणी आत जातं.

वर्षातून एकदा खांब उतरवून पाती हातानं पूर्ण गोल फिरवा. पातं नेहमी थोड्याच कोनात डोलतं, त्यामुळे बेअरिंगमधले गोळे त्याच जागी घासत राहतात आणि ग्रीस बाजूला सरतं. फिरवताना कान हाउसिंगला लावा. कुरकुर ऐकू आली तर बेअरिंग त्याच वेळी बदला.